नंदीनं अडवलेली धावपट्टी

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही; त्याची कधी गरज पडेल, असं मात्र वाटत नव्हतं. दिंद्रुडच्या आमच्या घरात परळीच्या वैजनाथाचं नाव घेतल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. मी विमान चालवायला शिकून आलेलो, त्यामुळे मला जरा शिंगं फुटलेली. निघताना आई दर वेळी म्हणायची, "लेकरा, देवावर भार टाकून जा." मी हसून म्हणायचो, "आई, इमानात जादा भार चालत न्हाई."

बाजार खुला झाल्याची ती वर्षं. गावागावांत केबल पोचली होती आणि आमच्या भागातल्या कापसाच्या एका जिनिंग गिरणीच्या मालकांनी चक्क चार जणांचं जुनं विमान घेतलं होतं. माळावर मुरमाची धावपट्टी झाली, मी वैमानिक झालो. खंडेनवमीला गिरणीतल्या यंत्रांबरोबर विमानाचीही पूजा झाली. कामगारांनी हौसेनं चाकांच्या पायांना झेंडूचे हार तारेनं आवळून बांधले. दुसऱ्या दिवशी मालकांच्या लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून आणायचं होतं. निघताना मी हार ओढून काढले. फुलं निघाली. तार निघाली का, हे काही मी वाकून पाहिलं नाही.

जाताना सगळं सुरळीत झालं. ताईंना घेऊन परतताना माळ दिसला तशी मी पोटात घेतलेली चाकं खाली सोडली. चाकं खाली आल्याचं सांगणाऱ्या तीन हिरव्या दिव्यांपैकी डावा लागला नाही. तो आठवडाभर असाच रुसायचा आणि टिचकी मारली की लागायचा. या वेळी टिचकीलाही दाद देईना. बल्ब गेला असेल, असं म्हणून मी उतरायला घेतलं. पाहतो तर धावपट्टीच्या मधोमध आरशांची लाल झूल घातलेला नंदीबैल, आणि त्याला ओढणारा त्याचा धनी! शिव्या हासडत मी विमान त्यांच्या डोक्यावरून वर घेतलं.

"काय झालं वो, दादा?" मागून ताईंनी विचारलं.

"काई न्हाई ताई, पट्टीवर बैल हाय."

पोटावर हात ठेवून त्या हसल्या.

वळसा घालून आलो तेव्हा बैल कडेला गेला होता, पण तो माणूस पट्टीवर एका पायावर उभा होता. डावा पाय दुमडून वर धरलेला, आणि त्यावर तो हातानं थापा मारत होता. क्षणभर मला कळेना. मग कळलं. दिवा बिघडला नव्हता. डावं चाक आतच अडकलं होतं, आणि सात महिन्यांच्या पोटुशीला घेऊन मी तसाच उतरणार होतो.

पुन्हा वर गेलो. अडीअडचणीला चाकं खाली ढकलण्यासाठी असलेला हातपंप मारून पाहिला, विमानाला हिसके दिले. काही केल्या चाक सुटेना. ज्या विद्येचा मला ताठा होता, ती तिथं संपली. तोंडून आपोआप निघालं, "वैजनाथा, तुझ्यावर भार." पुन्हा पंप दाबला. पायाखाली धाडकन आवाज झाला आणि डावा दिवा लागला. पण आता त्या दिव्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्या माणसाला चाकं दिसावीत म्हणून मी विमान पट्टीवरून अगदी कमी उंचीवर नेलं. तो माणूस दोन्ही पायांवर ताठ उभा होता, हात जोडून. मग मी उतरलो.

डाव्या चाकाच्या पायाला हाराची तुटलेली तार लोंबत होती. न्यायला आलेले मालक लेकीला जवळ घेऊन रडत होते. मी नंदीवाल्याकडे धावलो. "तुमाला कसं कळलं?"

"बैलाच्या पायावर नजर ठिवायचा धंदाच हाय आमचा. तुमी डोक्यावरनं गेलात तवा एक पाय दिसंना."

"पण बैल पट्टीवर कावून आणलता?"

"म्या कुठं आणलता? ह्योच गेलता. वढून वढून दमलो, हलंना."

मी बैलापुढं उताणा आडवा झालो. नंदीच्या खेळात करतो तसा, धन्याच्या इशाऱ्यावर त्यानं खूर उचलून माझ्या छातीवर टेकवला. मी श्वास रोखला.

"भिऊ नका," धनी म्हणाला, "त्यो भार टाकत न्हाई."

खरंच, एवढं मोठं जनावर, पण छातीवर फुलाइतकंही वजन नव्हतं. मी तसाच मुरमात पडून ढसाढसा रडलो.

बैल पट्टीवर का गेला, हे मला सांगता येत नाही, आणि मी आता विचारतही नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही विमानात बसलो की पट्टा आवळतो आणि हळूच म्हणतो, "टाकला गं, आई."