कोशातून निघालेली माशी

आमच्या आत्याला सगळी गल्ली किडेवाली म्हणायची. तिला त्याचं काहीच वाटत नसे. मला मात्र अजून राग येतो. आजोबांचा छापखाना होता. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई भरायची, कागदावर छापायचं. त्यातली फुलपाखरं सगळी आत्याने कोरलेली, पण खाली नाव आजोबांचं. बाईच्या नावाचं चित्र कोण घेणार, असं त्यांचं म्हणणं.

मेलेलं फुलपाखरू समोर ठेवून आत्या कधीच चित्र काढत नसे. स्वयंपाकघराच्या फळीवर, जाळी लावलेल्या डब्यांत ती सुरवंट पाळायची. अंडं, सुरवंट, कोश, फुलपाखरू, जसजसं डोळ्यांसमोर घडेल तसं एकाच पत्र्यावर कोरायची. आजी डाळ काढायला म्हणून भलताच डबा उघडायची आणि मग दिवसभर बोटं मोडत बसायची.

एकदा पत्रा होत आला होता. फुलपाखरापुरती जागा तेवढी राहिली होती, आणि कोशातून बाहेर आली एक काळी, केसाळ माशी.

"डब्यात घाण गेली असेल," आजोबा म्हणाले. "तिथे फुलपाखरू काढून मोकळी हो."

"जे निघालं तेच काढणार, बाबा."

"मग खाली माझं नाव नको. उगाच माझं हसं व्हायचं. घाल तुझंच."

आत्याने वाद घातला नाही. बागेतल्या सुरवंटांपाशी ती ठाण मांडून बसली. अखेर तसलीच माशी एका सुरवंटाच्या पाठीवर अंडं चिकटवताना तिने पाहिली. तो सुरवंट घरी आणून पाळला, तर त्याच्याही कोशातून माशीच निघाली. मग मोकळ्या जागेत तिने माशी कोरली, आधीच्या सुरवंटाच्या पाठीवर तिचं अंडं, आणि खाली स्वतःचं नाव. कागदावर सुलट उमटावं म्हणून अक्षरं उलटी.

चित्र दुकानाच्या खिडकीत लागलं. लोक हसले. मग एक रेशीमवाला आत शिरला. त्याचे कोश दरवर्षी भोकं पडून वाया जात आणि तो हवेला शिव्या देई.

"म्हणजे ही बया बाहेरून येते तर," तो म्हणाला.

त्याने खिडक्यांना जाळ्या लावल्या आणि त्या वर्षी त्याचं रेशीम साधलं. मग काय, गावोगावचे रेशीमवाले आत्याचं नाव विचारत दारात उभे. मला तर आजही आनंदाने भरून येतं.

आजोबा हळूच म्हणाले, "अगं, कडेला माझंही नाव टाक की."

आत्याने पत्रा उजेडात धरून नीट पाहिला.

"जागाच नाही, बाबा. माशीने घेतली."

आजोबांनी निमूटपणे शाई भरायला घेतली.