दोन वेढे जायफळ

तंद्रीत सायकल चालवण्याच्या बाबतीत आमच्या कांचघरवाल्याचा हात धरणारा माणूस सबंध जबलपूर शहरात तेव्हा नव्हता आणि आजही नसेल. तो इंजिनियरिंगला माझ्या वर्गात होता आणि कांचघर नावाच्या वस्तीत राहायचा, म्हणून कांचघरवाला. त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण हजेरीच्या वेळी तो बहुधा वर्गात नसल्यामुळे ते आमच्या कानांवर फारसं पडलं नाही. सकाळी तो कॉलेजला म्हणून घरून निघे, वाटेत त्याला एखाद्या दातेरी चाकाचा विचार सुचे आणि मग पाय आपले पायडल मारत राहत. एकदा असाच तो थेट शहराबाहेरच्या पनागरला पोचला. तिथं आमचाच एक वर्गमित्र अंगणात दात घासत उभा होता. त्याच्या घरी म्हशी होत्या, भाजीचा मळा होता आणि अनोळखी माणसालाही जेवू घालण्याची खोड होती. कांचघरवाल्यानं सायकलवरूनच त्याला विचारलं, "काहून रे, आज पहिला तास नाही का?" पनागरवाल्याच्या आईनं त्याला उतरवून घेतलं, पोटभर खाऊ घातलं आणि दुपारच्या तासाला दोघं एकाच सायकलवरून आले. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तो, पनागरवाला आणि मी अशी आमची तिघांची टोळी जमली, ती या चुकलेल्या रस्त्यामुळे.

यंत्रांशी तो अदबीनं बोलायचा. वर्कशॉपमधल्या लोखंड कातायच्या जुन्या लेथला तो काकाजी म्हणे आणि सुरू करण्याआधी "चलो काकाजी, जरा बसू या कामाला" असं सांगितल्याशिवाय बटणाला हात लावत नसे. गंमत अशी, की आमच्या हाताखाली कुरकुरणारा तो लेथ त्याच्या हाताखाली खरोखरच गुमान चाले. त्याच्या खिशात पेन नसे, थर्मामीटर असे. कुणाकडे गेला की चहा ओठाला लावायच्या आधी तो त्यात थर्मामीटर बुडवी, आकडा तळहातावर लिही आणि मग समाधानानं पिई. मयताच्या घरी समाचाराला गेला तेव्हाही त्यानं हेच केलं. सुदैवानं त्या घरच्या मंडळींना तो कुठला तरी विधी वाटला. ओमती भागातल्या एका हॉटेलात मालकानं त्याला थर्मामीटर काढताना पाहिलं आणि हा आरोग्य खात्याचा साहेब असं समजून धावत येऊन गरम समोसे पुढं ठेवले. हा ते शांतपणे खाऊन मोकळा झाला. बाहेर पडल्यावर मी चिडून म्हटलं, "अरे, निदान सांगायचं तरी, की तू कोणी साहेब नाहीस!" त्यावर त्याचं उत्तर, "त्यांनी विचारलंच कुठं? पण एक चुकलंच यार, समोशाचं टेम्परेचर घ्यायचं राहिलं."

अशा माणसाचं आयुष्य ढगांवरून चालतं, असा आमचा समज होता. तो एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर मोडला. लढाई अजून पेटायची होती, पण शहरातल्या लष्करी कारखान्यांना तिचा वास आधीच लागला होता. त्याचे बाबा अशाच एका कारखान्यात टर्नर होते. आठ तासांची पाळी संपली, की अर्धा तास विश्रांती आणि मग वर चार तास ओव्हरटाइम. असे दिवस महिन्यांमागून महिने चाललेले. एका संध्याकाळी ते उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधून घरी आले. तर्जनीचं टोक गेलं होतं. डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "काही नाही रे. जरासा डोळा लागला लेथवर." कांचघरवाला त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "नऊ राहिली." मला आधी कळेचना, काय नऊ राहिली ते. कळलं तेव्हा मी मान खाली घातली.

आमचं प्रोजेक्ट खरं तर पाण्याच्या पंपाचं ठरलं होतं. त्या आठवड्यात तो प्रोजेक्टच्या सरांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, पंप नको, कॉफीचं मशीन करतो. सर हसले. "अरे, या गावात कॉफी पितं कोण?" हा म्हणाला, "बाबा पितील." त्याचा हिशेब सरळ होता. बाबांना चहानं आता जाग येत नव्हती. चहा पोटात गेला की उलट त्यांच्या शरीराला घरी आल्यासारखं वाटे. कॉफीनं झोप उडते असं यानं कुठंतरी वाचलं होतं. कारखान्याच्या गेटाबाहेर चाचाची चहाची टपरी होती, पण किटली एक आणि माणसं पन्नास. बाबांचा नंबर लागेपर्यंत भोंगा वाजे आणि ते तसेच आत जात. पंधरा सेकंदांत एक कप देणारं मशीन हवं होतं, तेही हातापायानं चालणारं, कारण टपरीवर वीज नव्हती. सरांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि कागदावर सही केली.

आता कॉफी चांगली झाली की वाईट, हे ठरवायला एक प्रमाण लागतं. आम्ही तिघंही चहावर वाढलेली मराठी मुलं. कॉफी म्हणजे आमच्या घरी एकादशीला किंवा तापात मिळणारी गोष्ट. तेव्हा प्रमाण चव म्हणून आम्ही त्याच्या आईची कॉफी घेतली. त्या माउलीनं पातेलंभर दूध उकळलं, त्यात रंगापुरती पूड टाकली, साखर घातली आणि ती सहाणेवर जायफळ उगाळायला बसली. कांचघरवाला वही घेऊन शेजारी. "आई, किती उगाळायचं?" "दोन वेढे." "आणि नाही टाकलं तर?" आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं नावच बुडवलं घराण्याचं. "जायफळाशिवाय कॉफी असते का रे बापा? ते काय काढा करून राहिला का तू?" त्यानं वहीत लिहिलं, 'जायफळ, वेढे दोन, अनिवार्य.' तान्हं बाळ रडायला लागलं की गुटीत जायफळ कशासाठी उगाळतात, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याही घरी ठाऊक होतं. पण गुटी ही गुटी आणि कॉफी ही कॉफी. दोघींची भेट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात झाली नाही.

मशीन काय वर्णावं! एका मोठ्या पितळी बंबात साखर-कॉफी घातलेलं दूध, खाली कोळसा, बाजूला नळ, नळाला स्प्रिंगची झडप. पण सगळ्याचा मुकुटमणी होता फिरती सहाण. आईची सहाण मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून ती न मागता आली. ती त्यानं स्वतःच्याच सायकलच्या मागच्या चाकाच्या जागी आडवी बसवली, वर स्प्रिंगनं दाबलेलं अख्खं जायफळ, आणि पायडलचे दोन फेरे मारले की उगाळलेला थेंब दुधाच्या धारेसोबत कपात. त्या दिवसापासून तो कॉलेजला पायी येऊ लागला आणि आश्चर्य म्हणजे वेळेवर पोचू लागला. पनागरवाला रोज दुधाचा कॅन आणायचा. माझं काम पिण्याचं आणि नोंदीचं.

ती नोंदवही आज असती तर मी फ्रेम करून लावली असती. 'कप सात : गोड, पण घाईत. कप अकरा : ठीक. कप बारा : ठीकच, पण उदास.' उदास म्हणजे काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तू पिऊन बघ ना." मी प्यायलो. खरंच उदास होता. हळूहळू दुपारच्या चाचण्यांना एक निराळीच कळा यायला लागली. वर्कशॉपच्या खिडकीतून हिवाळ्याचं कोवळं ऊन आत येई, काकाजी कोपऱ्यात गप्प उभे असत, आणि चौथ्या-पाचव्या कपानंतर जग मऊ होत जाई. माझ्या नोंदींची अक्षरं वहीच्या उतारावरून खाली घसरत. पनागरवाला कॅनला टेकून म्हणे, "घरचं दूध आहे भैया, चढून राहिलं." मला वाटे, अभ्यासाचं जागरण. कांचघरवाल्याला तर काही वेगळं वाटण्याचं कारणच नव्हतं. तंद्री ही त्याची नेहमीचीच अवस्था. एकदा सर तपासणीला आले, दोन कप प्याले, "वा!" म्हणाले आणि खुर्चीतच डोळे मिटून बसले ते थेट शिपाई दार लावायला येईपर्यंत. आम्ही वहीत लिहिलं, 'सर तृप्त.'

डिसेंबरात लढाई जाहीर झाली. घराघरांच्या काचांना काळे कागद लागले आणि ओव्हरटाइमला आता कोणी ओव्हरटाइमही म्हणेना, सगळे नुसतं काम म्हणत. बाबांचे डोळे खोल गेले होते. कांचघरवाल्याला एक दिवसही थांबायचं नव्हतं. आम्ही मशीन हातगाडीवर चढवलं आणि दुपारी चाचाच्या टपरीपाशी मांडलं. चाचानं आमच्या बंबाकडे आदरानं आणि स्वतःच्या किटलीकडे जरा काळजीनं पाहिलं. साडेचारला भोंगा झाला आणि माणसं बाहेर आली. ग्रीसनं माखलेले हात, लाल डोळे. त्यांत बाबाही होते. मुलाला सायकलवर, पण जागच्या जागी बसलेला पाहून ते ओशाळं हसले. "हे काय करून राहिला रे?"

"बसा बाबा. पंधरा सेकंद."

आणि खरंच पंधरा सेकंद! दोन पायडल, एक कप. दोन पायडल, एक कप. बारा-तेरा मिनिटांत पन्नास माणसं पिऊन मोकळी झाली, आणि इतिहासात पहिल्यांदाच विश्रांतीचा वेळ शिल्लक उरला. "वाह बेटा, क्या चीज़ बनाई है!" म्हणत लोक भिंतीला टेकून उन्हात बसले. कांचघरवाल्याचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. मग एकाची मान कलली. मग दुसऱ्याची. बाबा चाचाच्या बाजेवर बसले होते, ते सावकाश आडवे झाले. भोंगा वाजला आणि कोणी हललं नाही. पन्नास माणसांची अख्खी रांग डोळे मिटून ऊन खात होती. शत्रूला जे जमलं नव्हतं ते आम्ही दुधा-साखरेत करून दाखवलं होतं.

पनागरवाला धावत एकेकाला हलवू लागला. मी चाचाच्या माठातलं पाणी शिंपडत सुटलो. "तुझ्या बाबांना उठव!" मी ओरडलो. कांचघरवाला बाजेपाशी गेला, वाकला आणि तसाच थांबला. उठवलं तर ते या गुंगीतच लेथवर उभे राहणार होते. नाही उठवलं तर लढाईच्या दिवसांत कामावर गैरहजर. तेवढ्यात फोरमन गेटाबाहेर आले. उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांच्या आवाजाला सगळा कारखाना टरकायचा. कांचघरवाला त्यांच्या आणि बाजेच्या मध्ये जाऊन उभा राहिला. हा माणूस वाद घालू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

"गलती माझी आहे साहेब. मशीनची. काय सज़ा करायची ती मला करा. बाबांना आता लेथवर नका नेऊ. हात जोडतो."

फोरमननी एक कप नाकाशी नेला, हुंगला, "जायफल" म्हणाले. मग मशीनपाशी जाऊन हातानं पायडल एकदा फिरवलं आणि सहाणेकडे बघत बोटांवर मोजलं. "एक पैडल में तीन चक्कर," ते म्हणाले. "दो में छह. गिने थे?" आम्हा तिघा इंजिनियरांच्या हातून दोन वेढ्यांचे सहा झाले होते. जन्मभर सायकल चालवलेल्या माणसानं पायडलचे फेरे मोजले होते, चाकाचे नाही. फोरमननी डोळे चोळत उठणाऱ्या माणसांकडे पाहिलं, त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऊँघते आदमी को मैं लेथ पर नहीं चढ़ाऊँगा. जाओ सब, घर जाओ. ऊपर मैं जवाब दे दूँगा." वर त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

प्रोजेक्टला सरांनी आम्हाला पास केलं, जेमतेम. लढाई काही दिवसांतच संपली. पनागरवाल्यानं मळा सांभाळला, मी सरकारी खात्यात फायली सांभाळल्या, आणि कांचघरवाला नोकरीसाठी दूर दक्षिणेकडे गेला. सुरुवातीला पत्रं यायची, त्यांत निम्म्यावर पाकिटावरचा पत्ता अर्धवट असे. मग तीही थांबली. कुठं असेल, कोणत्या रस्त्यानं कुठल्या गावी पोचला असेल, देव जाणे. त्याची आठवण आली की माझ्या मनात ती संध्याकाळच येते. माणसं पांगली होती. चाचानं किटली पुन्हा चुलीवर ठेवली होती. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं, आणि तो बाजेच्या कडेला बसून होता, बाबांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून. मी निघू या म्हटलं, त्यानं नकारार्थी मान हलवली.

अंधारून यायच्या बेताला बाबा दचकून उठले. कुठं आहोत हे त्यांना कळेना. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर झटक्यात हात ओढून घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि अंगठ्यानं एकेक बोट चाचपायला लागले.

"आहेत बाबा," तो म्हणाला. "मी मोजून राहिलो मघापासून."

बाबांनी हात खाली ठेवला. मग म्हणाले, "चांगली झाली होती रे कॉफी." आणि पुन्हा आडवे झाले.