तात्यांची उघडी कपाटं

तात्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बारामतीच्या आमच्या प्रयोगशाळेच्या स्टोअरमध्ये त्यांच्याच खुर्चीवर बसले होते. पणदऱ्याला, घरच्या ओट्यावर, सकाळचा चहा पिता पिता गेले. शोकसभेत प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे साहेब म्हणाले, "तात्या शांत, आज्ञाधारक सेवक होते." साफ खोटं! तात्यांनी आज्ञा पाळली असती तर ती सभा घ्यायला साहेब आणि हे लिहायला मी उरलो असतो की नाही, देव जाणे.

मी माती तपासणीच्या कामाला लागले तेव्हा रसायनांचं स्टोअर तात्यांकडे होतं. आमची रीत एकच, लागो न लागो, मागवून ठेवा. सुतळीचा तुकडासुद्धा 'लागंल कधीतरी' म्हणून खुंटीला टांगणारी शेतकऱ्याघरची माणसं आम्ही, ॲसिडच्या बाटल्याही तशाच साठवल्या. कुणी मागवल्या, कधी मागवल्या... लेबलंसुद्धा गळून पडलेली.

एक दिवस मागच्या फळीवर जुन्या ईथरची बाटली दिसली. झाकणाभोवती साखरेसारखे खडे. मी हात घातला, तोच तात्या ओरडले, "बाई, हात लावू नगा!" असं जुनं ईथर नुसतं झाकण फिरवलं तरी त्याचा स्फोट होतो, हे एम.एस्सी. झालेल्या मला बारावी शिकलेल्या तात्यांनी सांगितलं. साहेब म्हणाले, "गाजावाजा नको, बेसिनमध्ये ओतून टाका." तात्या दारात आडवे उभे राहिले. "मला कामावरनं काढा, पर बाटली हलायची न्हाय." पुण्याहून जाणकार माणसं येऊन ती नेईपर्यंत त्यांनी दार सोडलं नाही. चटणी-भाकरीही तिथंच, उभ्यानं खाल्ली.

त्यानंतर तात्यांनी घरगुती गॅसच्या टाकीचा कायदा लावला. रिकामी बाटली आणा, भरलेली न्या. तीही लहान. लोक त्यांना चिक्कू म्हणायचे. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू? एकदा माझं काम चार दिवस अडलं, तेव्हा मी खूप तणतणले. तात्या शांतपणे म्हणाले, "काम उद्या बी हुईल. बाई उद्या असाया पायजेत का न्हाय?" हळूहळू जुना साठा रीतसर बाहेर गेला आणि पाचातली चार कपाटं रिकामी झाली. त्यांची दारं तात्या मुद्दाम सताड उघडी ठेवत. "रिकामं दिसाया पायजे. दार लावलं की मानसाला भराया सुचतंय."

स्टोअर आता माझ्याकडं आलं होतं. तेराव्याला महिना होत नाही तोच माझ्यापुढं खरेदीची यादी आली, वर्षभराचा साठा एकदम! कपाटांची दारंही कुणीतरी लावून टाकली होती. "आता तात्या नाहीत, करा सही," साहेब म्हणाले. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप. यादीवर मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'आधी रिकाम्या बाटल्या दाखवा', आणि परत धाडली. बदली करायची तर खुशाल करा!

मग स्टोअरमध्ये जाऊन एकेक दार उघडलं. चौथ्या कपाटाचं दार अडकतं. तात्या त्याला गुडघा लावायचे... मीही लावला.