माळ्यावरचा टब

जुन्या घराचा इतिहास त्याच्या माळ्यावर राहतो, असे जाणकार सांगतात. आमच्या माळ्यावर तुरीचे पोते, मोडका पाळणा आणि घरमालकांच्या दुकानातल्या न खपलेल्या साड्या राहत. इतिहास असलाच तर तो उंदरांनी कधीच संपवला असणार.

घर कानडी मुलखात, चिक्कपेट नावाच्या जुन्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होते. मालक कापडाचे व्यापारी. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले, असे ते सांगत. फौज परत गेली तेव्हा हे का गेले नाहीत, हे मात्र सांगत नसत. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड होती. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ते माझ्या आईला अक्का म्हणत, जरी ते तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते. वडील सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्याच्या कामावर होते. सातारा सोडल्यापासून आम्ही या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होतो; अण्णा स्वतः शेजारच्या घरात राहत. मी तेव्हा कॉलेजात जात होते आणि मला सगळे कळते असे मला वाटत होते.

अण्णा एकदा दातांच्या डॉक्टरकडे गेले. तिथे पाळी येईपर्यंत त्यांनी एक विलायती मासिक चाळले. त्यात एका जुन्या गोदामाच्या माळ्यावर राहणाऱ्या श्रीमंत जोडप्याचे फोटो होते. उघड्या तुळया, उघड्या विटा, मध्ये एक कोच. अण्णा दाढ काढून परत आले ते गालावर हात धरूनच म्हणाले, "अय्यो, आपल्याकडे हे सगळे आधीच आहे! फक्त कोच नाही."

सहा महिने सुतार आणि गवंडी आमच्या डोक्यावर ठोकत होते. जमिनीला लाल ऑक्साइडची झिलई आली. खिडक्यांना रंगीत काचा बसल्या, त्या उघडत नव्हत्या, पण उघडल्या तर रंग दिसणार नाहीत असे अण्णांचे म्हणणे होते. कँटोन्मेंटात एका परत जाणाऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून अण्णांनी एक कोच आणि सिंहाच्या पायांचा ओतीव लोखंडी टब आणला. छपराची कौले उतरवलेली होती तेव्हाच आठ हमालांनी टब दोरांनी वरून आत सोडला. वर नळ नव्हता. "नळ काय, येईल," अण्णा म्हणाले.

माळ्याच्या मध्यातून आमच्या चुलीचे धुराडे वर जात असे. अण्णांना ते खेडवळ वाटले. त्यांनी ते काढले आणि भोक बुजवले.

"अण्णा, मग धूर कुठून जाणार?" वडिलांनी विचारले. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजणारा माणूस तो.

"जाईल हो. धुरालाही स्वल्प बुद्धी असते."

मग दारावर पाटी लागली: 'मॉडर्न लक्झरी अपार्टमेंट विकणे आहे.' गल्लीतल्या लोकांनी ती थांबून थांबून वाचली. पलीकडच्या शिंप्याने मला विचारले, की हे अपार्टमेंट नेमके कुठे आहे. मी वर बोट दाखवले. तो म्हणाला, "तो तर माळा आहे."

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पण माळ्याचा जिना आमच्या स्वयंपाकघरातून वर जात होता. हे घर बांधले अण्णांच्या आजोबांनी, आणि तो त्यांचा बंदोबस्त होता: माळ्यावरच्या मालाला हात लावायचा तर चोराला आधी घरातल्या बायकांच्या समोरून जावे लागे. एवढा खर्च होईपर्यंत ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. आली तेव्हा अण्णा पाटावर बसून, आईच्या हातची कॉफी पीत, शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "अक्का, जो माळा घेईल तो जिना घेईल. जिना गेला की स्वयंपाकघर गेले. तुम्ही माझी माणसे. मी तुम्हाला राजाजीनगरला घर बघून देतो. नवीन वस्ती. काय हवा आहे!"

"संध्याकाळी भाजी मिळते का तिथे?"

"भाजी अजून नाही. पण हवा..."

"हवेला फोडणी घालू का मग?"

अण्णांनी कॉफी संपवली आणि ते गेले. आई पोतेरे घेऊन चुलीसमोर बसली. चौदा वर्षे तिने ती चूल सारवली होती. बाजार पाच मिनिटांवर, आड मागच्या अंगणात, आणि परक्या गावात तिला स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक खोली. वडिलांना राजाजीनगर तसे वाईट वाटत नव्हते, पण ते त्यांनी बोलून दाखवले नाही. त्यांना माणसेही तपासता येत.

पहिली दोन गिऱ्हाइके आली आणि गेली. आई त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बूट काढायला लावी. एका गृहस्थांच्या मोज्याला भोक होते. त्यांनी माळा फार घाईने पाहिला.

तिसरे गिऱ्हाईक मात्र खरे होते. कूर्गातले कॉफीच्या मळ्याचे मालक, ज्यांना घोड्यांच्या शर्यतींच्या दिवसांत उतरायला शहरात जागा हवी होती. त्यांना इंग्रजीत पत्र लिहायचे काम अण्णांनी माझ्यावर सोपवले. "रविवारी दहाच्या सुमारास या, असे लिही. चांगले इंग्रजी घाल." मी चांगले इंग्रजी घातले. दहाच्या सुमाराऐवजी बरोबर साडेनऊ लिहिले. ही कबुली मी इथे पहिल्यांदाच देते आहे.

पत्र सांगून झाल्यावर, मी ते लिहायच्या आत, अण्णा दरवर्षीप्रमाणे बेडगी मिरच्यांचे गाठोडे घेऊन आले होते. आईचा काळा मसाला त्यांच्या घरीही वर्षभर लागे. त्याच्याशिवाय त्यांना साधे सारू, म्हणजे आपले सारसुद्धा, गिळवत नसे.

"रविवारी भाजते," आई म्हणाली.

"रविवारी? अक्का, रविवारी ते येणार..."

"दहाला ना? त्याच्या आत उरकते. ऊन चुकले तर मिरच्या दमट होतील, मग मला बोलू नका."

दरवर्षी आई मिरच्या सगळ्यात आधी, उजाडता उजाडता भाजून घेई, म्हणजे शेजारी उठायच्या आत ठसका उडून जाई. त्या रविवारी तिने आधी धणे घेतले. मग तीळ, खोबरे, दगडफूल, सावकाश, एकेक. आम्ही दोघींनी एकमेकींना काहीच सांगितले नव्हते.

साडेनऊला मोटार आली. अण्णा अर्धवट दाढीनिशी धावत आले. मळेवाले आणि त्यांची पत्नी बूट काढून, आईला नमस्कार करून जिना चढले. माणसे फार सभ्य होती, याचे मला जरा वाईट वाटले. वरून अण्णांचा आवाज येत होता: "धिस ब्यूटिफुल टब..."

आईने परातीतल्या मिरच्या कढईत टाकल्या.

धुराला खरोखरच बुद्धी असते. तो मागच्या दाराकडे वळलासुद्धा नाही, सरळ जिना चढला. वर आधी एक शिंक आली, मग दोन, मग तिघांचा मिळून खोकला. कोणीतरी खिडकी ठोकत होते. ती अर्थात उघडत नव्हती.

"अक्का!" अण्णा वरून ओरडले. "अक्का, स्वल्प थांबा हो!"

"आता थांबले तर करपतील, अण्णा!" आईने खालून सांगितले. तिच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होते, पण हात थांबला नव्हता. "तुमच्याच आहेत!"

वर काही क्षण फक्त खोकला ऐकू आला. एका माणसाच्या आयुष्यातला तो मोठा निर्णय असावा.

"सरी, बरे," शेवटी अण्णांचा घोगरा आवाज आला. "करपू देऊ नका."

मळेवाले भिंत धरून खाली उतरले. डोळे पुसून ते कन्नडमध्ये, अगदी शांतपणे म्हणाले, "आमच्या मळ्यावर हत्ती हाकलायला मिरच्या जाळतात. माणसांसाठी हे पहिल्यांदाच पाहिले." त्यांच्या पत्नीने मात्र कढईत वाकून पाहिले आणि दगडफूल किती घालता, असे विचारले. आईने तिला शेरभर मसाला कबूल केला. मोटार गेली.

अण्णा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. मी तांब्या दिला. अर्ध्या गालावर साबण वाळला होता.

"धुराडे परत बसवतो," ते म्हणाले.

"बसवा," वडील म्हणाले.

"ते मध्येच दिसेल. मग कोणी माळा घेणार नाही."

"नाही घेणार," आई म्हणाली, आणि तिने त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. अण्णांनी ती घेतली. पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली. ती पुढे बरीच वर्षे आमच्या आडावर पालथी, झाकण म्हणून होती.

वडील निवृत्त होईपर्यंत आम्ही त्याच घरात राहिलो. कोच अण्णांनी दुकानात नेला. टब वरच राहिला, कारण तो खाली न्यायचा तर छप्पर पुन्हा उतरवावे लागले असते. त्यात कधीच कोणी आंघोळ केली नाही. मिरच्या मात्र एका वेळी अकरा शेर मावत.