कॅसेटवरचा दुसरा आवाज

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे मिरजगावात कुणालाही विचारा. पण ही एक गोष्ट राहिली. सात-आठ वर्षं राहिली. तुमची-माझी ओळख नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. तसं काही नाही. सकाळपासून दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा उठून कॅमेऱ्याची भिंगं पुसत बसलो.

आधी धंद्याचं सांगतो. म्हणजे मुद्द्यावर यायला जरा उशीर होईल, आणि तेवढाच मला धीर येईल.

हायवेला लागून माझा स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग, पासपोर्ट फोटो, आणि जुन्या कॅसेटी साफ करून पेनड्राइव्हवर घालून देणं. तुमच्या लग्नाची जुनी सीडी असेल तर लावून बघा कधी. त्यात तुम्ही हसताय, मामा कुणावर तरी डाफरतोय, करवल्या एकमेकींच्या कानात काहीतरी सांगताहेत — पण त्यातला एक तरी शब्द ऐकू येतो का? नाही येत. वर सिनेमाचं गाणं चाललेलं असतं. आमची रीतच ती. मांडवातला गलका काढून टाकायचा आणि त्यावर गाणं बसवायचं. याला आम्ही मिक्सिंग म्हणतो. कर्जत तालुक्यातल्या कितीतरी घरांत मेलेली माणसं टीव्हीवर तोंड हलवतात आणि आवाज मात्र कुणा गायकाचा येतो. त्यातलं पुष्कळसं माझं काम आहे. त्याचा मला अभिमान होता, हेही लिहून टाकतो.

आता सुमनमावशी. ती माझी सख्खी मावशी नव्हे, गावानं तिला मावशी केलेलं. पेठेत तिचं बांगड्यांचं दुकान आहे. तिचे मालक म्हणजे आमचे दत्तूकाका. नवरा-बायको मिळून आसपासच्या यात्रांमध्ये बांगड्यांचं पाल लावायचे. काका उंच, हाडकुळे आणि भारी हौशी. बांगड्या भरताना गाणं म्हणायचे. बाईचा हात दुखू नये म्हणून म्हणतो, असं सांगायचे. सूर? सुराचं नावच काढू नका. पण काकांचं एक होतं — ते गाण्याच्या एक शब्द पुढे असायचे. रेडिओवरची गायिका श्वास घेतेय तोवर हे पुढच्या ओळीत घुसलेले. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली.

त्या काळी यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एका यात्रेत या दोघांनी पाल लवकर बंद केलं आणि तंबूत जाऊन बसले. सिनेमा जुना, घरगुती. एकत्र कुटुंब, तीन सुना, रुसवेफुगवे, आणि उठता-बसता गाणं. मावशीचा भाऊ मिलिटरीत होता. तो सुट्टीवर आला होता आणि त्यानं नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा आणला होता. त्यानं तंबूत बसल्या-बसल्या अख्खा सिनेमा पडद्यावरून टिपून घेतला. पुढे त्याची मोठी कॅसेट करून बहिणीला दिली. नंतर त्या सिनेमाची सीडी बाजारात आली म्हणा, पण तिच्यात निम्मी गाणी कापलेली. त्यामुळे पुरा सिनेमा आमच्या पंचक्रोशीत फक्त मावशीकडे, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. काका गेल्यावर दुपारी दुकान मिटलं की ती ही कॅसेट लावून एकटीच बसे. पुढे व्हीसीआर मोडला, दुरुस्त करणारा मिळेना, आणि कॅसेट ट्रंकेत गेली.

ती माझ्याकडे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "सुरेश, विलासनं मोठा टीव्ही आनलाय. ह्यात बुरशी धरलीया. तुला काय जमतंय का बघ, लख्ख करून दे." विलास तिचा मुलगा, नगरला एमआयडीसीत कामाला आहे. त्यानंही फोन करून सांगितलं, आईचं एवढं करा.

लख्ख — हा शब्द मी धरून बसलो. दुसरं काही तिनं सांगितलंच नाही. का सांगेल? कॅसेटवर काय आहे हे तिला माहीतच होतं. मला ते माहीत नसेल, हे तिच्या मनात कसं यावं?

मी त्या कामात जीव ओतला, हे खोटं नाही. चित्र तिरकं होतं, ते सरळ केलं. खाली पुढच्या लोकांची डोकी दिसत होती, मध्येच कुणीतरी मुंडासं सारखं करत उठत होता — ते कापलं. हिरवट झालेले रंग जागेवर आणले, सुनांची लुगडी पुन्हा जर्द केली. आणि आवाज? आवाजात सगळी यात्राच होती. शिट्ट्या, पोरांची रडारड, बाहेरच्या जनरेटरची घरघर. एका गाण्यात तर कुणी बाबा भसाड्या आवाजात गायिकेच्या पुढे-पुढे पळत होता. मला हसू आलं. म्हटलं, थांब, तुला बाहेर काढतो. गाण्यांची जुनी ऑडिओ कॅसेट माझ्याकडे होती. तिच्यावरून सगळी गाणी उचलली आणि चित्राच्या ओठांवर अशी बसवली की फट दिसू नये. लग्नात करतो तसंच. काकांना मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तरी तो आवाज मला ओळखू आला नाही. खरं म्हणजे मी तो ऐकलाच नव्हता. मला तिथे फक्त घाण दिसत होती.

पण चूक ही नव्हे. एवढंच असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो.

एका रविवारी दुपारी मावशीच्या घरी सगळे जमलो. विलास, सूनबाई, शेजारच्या सात-आठ बाया. मोठ्या टीव्हीवर सिनेमा लागला आणि बायांच्या तोंडून वा-वा सुरू झाली. नवा काढल्यासारखा दिसतो, म्हणाल्या. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. मग ते गाणं आलं — तिन्ही सुना अंगणात डाळ निवडत म्हणतात ते. मावशीनं हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं. पदर सावरून पुढे सरकली. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. तिचा चेहरा मला अजून दिसतो — दारावर ओळखीची थाप पडणार म्हणून माणूस कान देऊन बसतं ना, तसा. कडवं संपलं. थाप पडलीच नाही.

"मागं घे रे," ती म्हणाली.

मी मागे घेतलं. पुन्हा तेच. स्वच्छ, गोड, एकट्या गायिकेचा आवाज.

"ह्यांचा आवाज कुठं हाय?"

आणि त्या क्षणी मला कळलं. तो भसाडा बाबा कोण, ते कळलं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं — मावशी, चुकलो, काढून टाकला, पण मूळ कॅसेट माझ्याकडे आहे, उद्या आणून देतो. किती सोपं होतं हो. सगळं जागच्या जागी होतं. काहीही हरवलेलं नव्हतं. पण सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, आत्ता-आत्ता तर त्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं. तोंडघशी पडायचं नव्हतं मला. बस, एवढंच.

मी म्हणालो, "कॅसेटवर तसं काय न्हवतंच, मावशी. मी समदी ऐकली. तुमच्या मनातला आवाज असंल त्यो."

खोलीतल्या बाया माझ्याकडून तिच्याकडे वळल्या. विलास हळूच म्हणाला, "आई, असंच असंल. लई वर्षं झाली." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला. "आसंल बया," म्हणाली, "मन लई खोटं असतं." आणि ओशाळून हसली. माझ्यामुळे ती चारचौघांत ओशाळली.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. मला टॉवेल, टोपी आणि नारळ मिळाला. विलासनं दिला, मी घेतला.

आठवड्यानं तिनं कॅसेट परत मागितली. फीत सडली होती, तुटली, टाकून दिली, असं मी सांगितलं. ती माझ्या कपाटात होती. साफ करण्याआधीचं सगळं माझ्या हार्डडिस्कवरही होतं. एक खोटं बोललं की त्याला राखण लागते, ती मी ठेवली.

मग काय झालं? वरवर बघाल तर काहीच नाही. पण मावशी बाईच्या मनगटाकडे नुसतं बघून माप सांगायची — हिला सव्वादोन, तिला अडीच. ती आता सुनेला विचारू लागली, "अडीचच ना गं?" कुलूप लावलं का, म्हणून अर्ध्या वाटेतून परत जाऊ लागली. हळूहळू दुकान सुनेनं हातात घेतलं, मावशी कोपऱ्यात स्टुलावर बसू लागली. वयानं झालं असेल, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणणार नाही. एका बाजारच्या दिवशी तिनं मला हाक मारली आणि हळू आवाजात विचारलं, "तू तर लहानपनापासनं बघितलंस त्यास्नी. ते गायचे ना रे? का त्ये बी माझंच?" गायचे की मावशी, मी म्हणालो. तिचा जीव जरासा भांड्यात पडला. माझा नाही पडला. गर्दीचं निमित्त करून मी तिथून सटकलो.

गेल्या चैत्रात मात्र मनाशी ठरवलं. आता पुरे. त्या कडव्याचा जुना तुकडा मोबाईलवर घेतला. सांगायचं वाक्यही तयार केलं — मावशी, मी खोटं बोललो होतो. आधी आवाज ऐकवायचा आणि लगेच वाक्य म्हणायचं, असा बेत होता. दुपारी दुकानात गेलो. सून जेवायला गेली होती. मावशी एकटीच होती. मोबाईल तिच्या कानाशी धरला.

जनरेटरची घरघर. पेटी. सुनांचं कडवं सुरू व्हायच्या आत काका घुसले, एक शब्द पुढे. कुणीतरी शिट्टी मारली. मग एका बाईचा दबका आवाज, "अवो, हळू. लोक बघत्यात." काका हसले आणि आणखी मोठ्यानं गाऊ लागले.

मावशीनं डोळे मिटून घेतले. संपल्यावर म्हणाली, "फिरून लाव." पुन्हा लावलं. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. आता बोलायचं, म्हणून मी श्वास घेतला.

तेवढ्यात तिनं माझा हात हातात घेतला. "लई हुबेहूब केलंस रे," ती म्हणाली. "विलासचा पोरगा सांगत हुता, आता मोबाईलात कुनाचाबी आवाज काढत्यात म्हनून. आन मला बी घातलंस व्हय त्यात." ती रडता-रडता हसली. "कॅसेटवर न्हवतं तर माझं मन राखायला एवढी खटपट केलीस. पोटच्या पोराला सुचलं न्हाई."

माझं वाक्य जिभेवर होतं. तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? खरा आवाज तिच्या कानाशी होता, खरं सांगणारा समोर बसला होता, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. या वेळी बायांचीही सबब नव्हती. ती माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होती — आणि ती माया मला हवी होती. ती सोडवेना.

मी म्हणालो, "व्हय मावशी. तुमच्यासाठीच केलं."

तिनं मला चहा पाजला. सून जेवून आल्यावर तिच्या मोबाईलमध्ये तो तुकडा घालून घेतला.

आता बांगड्या भरायला बाया आल्या की ती तो लावायला सांगते. काका गात असतात, ती त्यांना हळू म्हणा म्हणत असते. बाया विचारतात, हे कोण? मावशी सांगते, "माझे मालक. पन खरं न्हाई बरं का, आमच्या सुरेशनं तयार केलंय." तेवढ्यात मी रस्त्यानं जाताना दिसलो तर हाक मारून आत बोलावते, त्यांना दाखवायला.

मी आत जातो.