व्हर्लिनच्या छपराच्या सात फळ्या

व्हर्लिन स्टँपरचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक त्याची कुत्री आणि दुसरी रविवारची अकराची प्रार्थना. प्रार्थनेला तो स्वतः कधी जायचा नाही, पण बांधकामाचे परवाने तपासणारा कौंटीचा इन्स्पेक्टर जातो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गावाच्या हद्दीबाहेरची सगळी छपरं रविवारीच ठोकली जायची.

गारांनी त्याच्या छपराची चाळण केली होती. बायकोचा पलंग स्वयंपाकघरात आणावा लागला होता, आणि रविवारी संध्याकाळी पाऊस सांगितला होता. त्याआधी छप्पर झाकलं गेलं नाही, तर बिचारीला चुलीवर झोपवायची वेळ आली असती.

पावसाच्या घाईनं त्यानं शनिवारीच सात कुजक्या फळ्या उपटून नव्या बसवल्या. लगेच कुंपणापाशी शेजारीण ओपल हजर.

"सात ना रे?"

"तुला काय करायचंय मोजून?"

"चार दे. खुराड्याला लागतात."

व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुकली. बाईला कोंबड्या सहा आणि फळ्या चार? ही पुरावा गोळा करतेय! पण नाही म्हणावं तर जास्तच संशय. दिल्या.

रविवारी नव्या फळ्यांवर डांबराचा काळा कागद पसरून तो खिळे ठोकत होता, तेवढ्यात फाटकाशी पांढरी गाडी थांबली. नवा इन्स्पेक्टर होयल खाली उतरला. व्हर्लिननं आधी ओपलच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला. लावलीच हिनं काडी!

"तुम्ही प्रार्थनेला नाही गेलात?" त्यानं वरूनच विचारलं.

"आमच्या पंथाची शनिवारी असते," होयल हसला. "रविवारी अकराला तुमच्याकडे घंटांपेक्षा हातोडेच जास्त वाजतात, मिस्टर स्टँपर. परवाना आहे?"

"नुसती डागडुजी आहे हो."

"तीन फळ्यांपर्यंत डागडुजी. चौथी बदलली की परवाना, आणि तो हातात पडेपर्यंत काम बंद."

व्हर्लिनचा हातोडा हवेतच राहिला. पश्चिमेला आभाळ काळवंडत होतं. होयल अंगणातल्या कुजक्या ढिगापाशी वाकला. एक, दोन, तीन. आजूबाजूला पाहिलं, पायानं गवत चाळलं.

"तीनच?"

"मोजता येतंय की तुम्हाला," व्हर्लिन म्हणाला.

होयलनं वहीत काहीतरी खरडलं. "ठोका. पाऊस येतोय."

गाडी वळणाआड गेली तशी ओपल कुंपणाशी आली. "काय म्हणाला रे? तीनच ना?"

"तुला कसं कळलं तीन?"

"नियम कौंटीच्या कचेरीच्या दारावर लावलाय. तुझ्यासारखे फाटकापासूनच परत फिरतात, त्याला मी काय करू?" आणि ती दाणे टाकायला निघून गेली.

पहिले थेंब पडले तेव्हा खिळ्यांची शेवटची रांग ठोकून झाली होती. खालून बायको हाका मारत होती. व्हर्लिन धुराड्याला टेकून भिजत बसला, डोळे त्या खुराड्यावर. चार फळ्या, आणि वर उपकार. बाईला काहीतरी हवंय. नक्की हवंय.