सयाजीगंजातलं स्प्रिंग

परवा वासणा रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात माझ्या मुलाने लिननचं जाकीट अंगावर चढवलं, आणि नव्या कापडाच्या वासासरशी मला श्रीकांत आठवला.

आमचा साखरपुडा झाला होता. परदेशी कंपन्या नुकत्याच बडोद्यात येऊ लागल्या होत्या. त्यातल्या एकीत हा लागला आणि स्वतःच अर्धा परदेशी झाला. होणाऱ्या जावयाला जाकीट घ्यायचं म्हणून बाबा आम्हाला सयाजीगंजात घेऊन गेले. फाल्गुनातली दुपार, घामाच्या धारा, आणि हा आरशासमोर मान वेळावत 'स्प्रिंग कलेक्शनमधलं' काहीतरी मागत होता.

"साहेब, अहीं तो सीधो उनाळो ज आवे," दुकानदार म्हणाला, म्हणजे इथे थेट उन्हाळाच येतो.

बाबांनी फिकट निळं सुती जाकीट पुढे केलं. "हे हलकं आहे, उन्हातही चालेल."

श्रीकांतने हातही लावला नाही. "बाबा, हे रेल्वेतल्या कारकुनांना शोभतं."

बाबा रेल्वेतच कारकून होते, आणि त्याला ते चांगलं ठाऊक होतं. बाबांनी जाकिटाची घडी घातली.

"बाबा, घरी चला," मी म्हटलं. "जाकीट नको, आणि हे लग्नही नको."

रिक्षात मी रडले. त्या फुटकळ माणसापायी रडले, याची आज लाज वाटते.

बाबांनी खिशातला रुमाल माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मला तो पहिल्यापासूनच आवडला नव्हता गं. तुला आवडलाय म्हणून बोललो नाही."

मी डोळे पुसले. मी तर बाबांना आवडलाय म्हणूनच होकार दिला होता.